आजीचा पोपट आता कुणाकडे?

पक्ष्यांवरचा धडा चालू असताना वर्गातून कधीकधी असा प्रश्न येतो, की ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. 'आमच्याकडे आजीचा पोपट आहे. आजी गेली. आता त्याच्याशी कोणी बोलत नाही आणि तो दिवसभर ओरडतो. त्याचे काय करायचे?' इतर मुले लगेच उत्तरे देतात. कोणी म्हणते सोडून द्या, कोणी म्हणते शेजाऱ्यांना देऊन टाका. दोन्ही उत्तरे फार पटकन सुचतात, म्हणूनच ती तपासून पाहायला हवीत. प्रश्नही काही आजचा नाही. माणसाने पोपट पाळायला सुरुवात केल्यापासून तो चालत आला आहे, आणि वेगवेगळ्या काळांत लोकांनी त्याची जी उत्तरे दिली त्यांचा इतिहास मुलांना सांगण्याजोगा आहे.

मुळात हा प्रश्न पोपटाच्याच बाबतीत का उद्भवतो? कुत्रा दहा-पंधरा वर्षे जगतो, मांजर त्याहून थोडे अधिक. ही जनावरे बहुधा मालकाच्या आधी जातात. मोठ्या जातीचा पोपट मात्र मालकाच्या मागे उरू शकतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतील एक लाख तीस हजारांहून अधिक पोपटांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात सुमारे दोन वर्षे सरासरी आयुष्य असलेले छोटे अंजीर-पोपट होते, तसेच तीस वर्षांपर्यंत जाणारे लाल मकाऊही होते. ही सरासरी आहे हे लक्षात घ्या, कारण एकेकटे पक्षी याच्या दुपटीहून अधिक जगलेले आहेत. शरीराच्या मानाने मेंदू जितका मोठा, तितके त्या जातीचे आयुष्य अधिक, असेही या अभ्यासात दिसले. म्हणजे माणसाला पोपट आवडतो तो ज्या हुशारीमुळे, तिच्या जोडीलाच त्याचे लांबलचक आयुष्य येते.

पोपटाच्या वयाच्या गोष्टी मात्र जपून ऐकाव्यात. २००४ साली ब्रिटिश वृत्तपत्रांत एक बातमी झळकली. विन्स्टन चर्चिलचा मकाऊ अजून जिवंत असून त्याचे वय १०४ वर्षे आहे, अशी ती बातमी. चर्चिलच्या मुलीने असा मकाऊ आपल्या घरी कधीच नव्हता असे सांगितले, तरी बातमी फिरायची थांबली नाही. अडचण अशी, की पोपट एकदा प्रौढ झाला की दिसण्यावरून त्याचे वय सांगता येत नाही. करड्या आफ्रिकन पोपटाच्या पिल्लाचे डोळे गडद असतात, पुढे ते फिकट पिवळे होतात, आणि तिथून पुढे दहा वर्षांचा आणि चाळीस वर्षांचा पक्षी जवळजवळ सारखाच दिसतो. पिल्लू असताना पायात घातलेले बंद कडे असेल तर गोष्ट निराळी. एरवी वय म्हणजे मालकाने सांगितलेले वय, आणि मालक बदलला की त्यात थोडी भर पडते!

जुन्या जगाला बोलका पोपट माहीत झाला तो आपल्याकडून. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास क्टेसियस या ग्रीक वैद्याने भारतातल्या एका पक्ष्याचे वर्णन केले आहे. हा पक्षी माणसासारखा भारतीय भाषा बोलतो, पण ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो लिहितो. पोपटाने घर बदलले तर भाषाही बदलावी लागेल, हे त्या वेळीच लक्षात आलेले दिसते. अलेक्झांडरचा सेनानी निआर्कस याला पोपट म्हणजे मोठा चमत्कार वाटला होता. पुढे साडेचारशे वर्षांनी एरियन हा इतिहासकार लिहितो, की आपण पुष्कळ पोपट पाहिलेले असल्याने त्यांचे वर्णन करत बसत नाही. एवढ्या काळात किती पिंजरे पश्चिमेकडे गेले असतील, याची कल्पना या एका वाक्यावरून येते. बोलायला शिकवताना पोपटाच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारतात, अशी नोंद रोमन लेखक प्लिनीने केली आहे. आपल्याकडे कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत पोपट-मैनेला बोलायला शिकवणे ही एक कला म्हणून येते. शिकवण्याबद्दल असे सगळीकडे लिहिलेले आहे. शिकवणारा गेल्यावर काय, याबद्दल मात्र ही मंडळी गप्प आहेत.

त्याबद्दलची एक नोंद मिळते ती १८०० सालची, दक्षिण अमेरिकेतली. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि त्याचा फ्रेंच सहकारी एमे बोंप्लाँ हे त्या वर्षी ओरिनोको नदीतून प्रवास करत होते. नदीच्या वाटेत आतुरेस आणि मायपुरेस अशी दोन ठिकाणे लागतात, दोन्हीकडे मोठे धबधबे. आतुरेस हे तिथल्या एका जमातीचे नाव. कॅरिब लोकांच्या हल्ल्यांपासून जीव वाचवण्यासाठी ही जमात धबधब्यांमधल्या खडकांवर जाऊन राहिली आणि तिथे हळूहळू नामशेष झाली, असे हम्बोल्टला सांगण्यात आले. जवळच्या आतारुइपे नावाच्या गुहेत त्याने ताडाच्या पानांच्या टोपल्यांत ठेवलेले सुमारे सहाशे सांगाडे पाहिले. मायपुरेसमध्ये एक म्हातारा पोपट होता. तो काय बोलतो ते कोणालाच समजत नसे. गावकऱ्यांचे म्हणणे असे, की तो आतुरेस लोकांची भाषा बोलतो.

हम्बोल्टने हे अगदी थोडक्यात लिहिले आहे. पुढे लोकांनी त्यात बरीच भर घातली. हम्बोल्टने पोपटाच्या तोंडचे चाळीस शब्द उतरवून घेतले, पोपट आपल्याबरोबर नेला, असेही वाचायला मिळते. मूळ मजकुरात एवढाच आशय आहे, की तिथे एक म्हातारा पोपट होता आणि त्याचे बोलणे कळणारे कोणी उरले नव्हते. चार्ल्स डार्विनने १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवरच्या आपल्या ग्रंथात या पोपटाचा उल्लेख केला, तोही एका वाक्यात.

भाषा गेली, पोपट उरला, म्हणून आपण हळहळतो. ते ठीकच आहे. पण जरा पोपटाच्या बाजूने पाहू या. त्या पक्ष्याला नवे घर मिळाले होते. त्याला खायला मिळत होते, तो जिवंत होता. मात्र जे आवाज काढले की पूर्वी कोणीतरी उत्तर द्यायचे, त्या आवाजांना आता उत्तर येत नव्हते. आणि तरी तो तेच आवाज काढत होता. का?

याचे उत्तर अलीकडच्या अभ्यासांत थोडेफार सापडते. व्हेनेझुएलामध्येच, ओरिनोकोच्या खोऱ्यातल्या गवताळ प्रदेशात, चिमणीएवढा एक हिरवा पोपट राहतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की या पोपटांचे आई-बाप प्रत्येक पिल्लाला एक वेगळी हाक देतात आणि पिल्लू तीच हाक थोडी बदलून आपली म्हणून वापरते. संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी अदलाबदल करून पाहिली. पिल्लांच्या हाका जन्मदात्यांपेक्षा पाळणाऱ्या आई-बापांच्या हाकांशी अधिक जुळत्या निघाल्या. हाक रक्तातून येत नाही, घरातून येते. दुसरा प्रयोग कोस्टा रिकामधला. तिथल्या पिवळ्या मानेच्या पोपटांत ठिकाणाप्रमाणे बोली बदलते, जशी आपल्याकडे दर काही कोसांवर बदलते तशी. काही पक्षी एका बोलीच्या भागातून उचलून दुसऱ्या बोलीच्या भागात सोडले. त्यांतल्या एका कोवळ्या पक्ष्याने नवी बोली उचलली. प्रौढ पक्ष्यांनी आपली जुनी बोली सोडली नाही, आणि ते नव्या थव्यांत फारसे मिसळलेही नाहीत. प्रयोग अगदी थोड्या पक्ष्यांवर केलेला आहे, तेव्हा त्यावर मोठे मनोरे रचू नयेत. पण म्हाताऱ्या पोपटाला नव्या घरी पाठवणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

याच हम्बोल्टच्या स्वतःच्या घरी पुढे एक पोपट आला, तोही दुसऱ्याच्या घरातून. हा याकोब. मादागास्करचा काळपट रंगाचा वासा पोपट. वायमारचा ग्रँड ड्यूक कार्ल आउगुस्ट, म्हणजे कवी गटेचा आश्रयदाता, याच्याकडून तो हम्बोल्टकडे आला. ड्यूक १८२८ साली वारला. पोपट मात्र हम्बोल्टच्या बर्लिनच्या घरात तीसेक वर्षे राहिला. त्या घरात सायफर्ट नावाचा नोकर होता. मालकाच्या कॉफीत साखर घालण्याबद्दल सायफर्टला ज्या सूचना रोज मिळत, त्या ऐकून ऐकून याकोबही देऊ लागला, असे त्या घरी येणाऱ्यांनी सांगितले आहे. एक म्हातारा शास्त्रज्ञ, एक नोकर आणि एक पोपट, अशी ही बिऱ्हाडाची रचना. तिथे रोज त्याच वेळी तीच माणसे तेच बोलत होती, आणि पोपटाला हवे असते ते नेमके हेच. आमच्या मते याकोबच्या दुसऱ्या घराचे यश तिथे होते. भरलेला याकोब बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आजही आहे.

सगळ्यांच्या नशिबी असे घर नव्हते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये रिचमंडच्या डचेसचा करडा पोपट भरून ठेवलेला आहे. डचेस १७०२ साली वारली आणि तिच्याबरोबर चाळीस वर्षे राहिलेला पोपट थोड्याच दिवसांत गेला, अशी तिथली परंपरागत हकीकत. अमेरिकेचा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन १८४५ साली वारला तेव्हा त्याच्या पोपटाने अंत्यविधीच्या वेळी शिव्यांचा असा सपाटा लावला, की त्याला बाहेर न्यावे लागले, असे सांगतात. ऑस्ट्रेलियातला कॉकी बेनेट हा काकाकुवा आधी एका जहाजाच्या कप्तानाकडे होता. कप्तान गेल्यावर तो त्याच्या नातेवाइकांकडे आणि तिथून सिडनीजवळच्या एका हॉटेलात पोहोचला. १९१६ साली तो मेला तेव्हा त्याचे वय ११९ असल्याचे जाहीर झाले. वयाचे सोडून देऊ. त्याच्या अंगावर पिसे जवळजवळ नव्हती आणि चोच वेडीवाकडी वाढलेली होती. लोकांना ते म्हातारपण वाटले. पोपटांच्या चोच-पिसांचा जो विषाणुजन्य रोग १९८० च्या दशकात नीट ओळखला गेला, त्याच्या लक्षणांशी हे वर्णन चांगलेच जुळते. घरोघर फिरणाऱ्या पक्ष्याबरोबर त्याचे रोगही फिरतात.

याची प्रचीती जगाला १९२९-३० च्या हिवाळ्यात आली. दक्षिण अमेरिकेतून नाताळच्या भेटी म्हणून आलेल्या पोपटांपासून अमेरिकेत आणि युरोपात माणसांना सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा रोग झाला आणि काही माणसे दगावली. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत रोगाचा शोध घेणाऱ्यांनाही त्याने गाठले. घाबरून लोकांनी पोपट घराबाहेर काढले, मारलेही. आज हा रोग प्रतिजैविकांनी बरा होतो, पण नव्या घरी जाणारा पोपट आधी काही आठवडे वेगळा ठेवावा आणि पशुवैद्याला दाखवावा, हा नियम अशा अनुभवांतून घडला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानांमुळे पोपटांचा व्यापार फार वाढला. जंगलातून पकडलेले पक्षी हजारोंनी श्रीमंत देशांत जाऊ लागले. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, ज्याला साइट्स म्हणतात, १९७५ साली अमलात आला. अमेरिकेने १९९२ साली कायदा करून वन्य पक्ष्यांची आयात जवळजवळ थांबवली. युरोपीय संघाने आधी तात्पुरती आणि २००७ पासून कायमची बंदी घातली. करड्या आफ्रिकन पोपटाला साइट्सच्या सर्वांत कडक यादीत जागा मिळाली ती २०१७ साली. नवे पक्षी येणे कमी झाले खरे, पण आलेले पक्षी घरांतच होते, आणि ते मालकांच्या आधी मरायला तयार नव्हते. मालक म्हातारे झाले, लहान घरांत गेले, रुग्णालयात गेले. मग अशा पोपटांसाठी आश्रमवजा संस्था निघाल्या. लॉस एंजेलिसमध्ये तर युद्धावरून परतलेल्या, मनाने खचलेल्या सैनिकांकडे असे पोपट सांभाळायला देण्याचा प्रयोग झाला.

इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या वन्यजीव उद्यानात २०२० साली पाच करडे पोपट जवळजवळ एकाच वेळी, पाच वेगवेगळ्या घरांतून आले. नवे म्हणून त्यांना एकत्र ठेवले होते. प्रत्येकाने आपापल्या घरून शिव्यांची शिदोरी आणलेली! एकाने शिवी दिली की दुसरा हसायचा, कारण हसणेही त्यांनी माणसांकडूनच उचलले होते. शेवटी त्यांना वेगवेगळ्या थव्यांत विभागावे लागले. वृत्तपत्रांनी ही गंमत म्हणून छापली, आणि ती आहेही. पण बारकाईने पाहिले तर नव्या जागी आल्याबरोबर या पक्ष्यांनी एकमेकांशी बोलायला जे हाताशी होते ते वापरले. एकमेकांना उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही.

उत्तर देणारे कोणी असणे ही चैन नव्हे. २०१४ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी करड्या पोपटांच्या पेशींतील टेलोमिअर मोजले. गुणसूत्रांच्या टोकांवरचे हे भाग वयाबरोबर आणि ताणाबरोबर आखूड होतात. एकट्या ठेवलेल्या पोपटांचे टेलोमिअर जोडीने ठेवलेल्या त्याच वयाच्या पोपटांपेक्षा आखूड निघाले. एकटा पोपट स्वतःची पिसे उपटतो हे पाळणाऱ्यांना पूर्वीपासून दिसत होते. त्याचा ठसा पेशीपर्यंत पोहोचतो, हे या मोजणीने दाखवले.

शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा गुलाबी काकाकुवा या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९३४ साली, संग्रहालय उघडले त्याच वर्षी, तो वर्षभराचा असताना सिडनीहून तिथे आला. पहिली चाळीसेक वर्षे त्याला जवळजवळ फक्त बिया खायला मिळाल्या, कारण त्या काळी पोपटाचा आहार म्हणजे बिया अशीच समजूत होती. बियांत कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व फार कमी असते. म्हातारपणी त्याची हाडे ठिसूळ झाली, सांधे दुखू लागले. २००९ साली त्याला प्रेक्षकांसमोरून हलवून पक्षिगृहाच्या कार्यालयात ठेवण्यात आले. म्हणजे पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्याचे घर बदलले. पण राखणदार तेच होते आणि पिंजऱ्याभोवती दिवसभर ओळखीची माणसे ये-जा करत होती. त्याची तब्येत आणि भूक तिथे सुधारली. तो २०१६ साली मेला. वय ८३, आणि या वेळी ते कागदोपत्री सिद्ध झालेले.

आता आपल्या आजीच्या पोपटाकडे येऊ. तो बहुधा गळ्याला पट्टी असलेला कीर असणार, किंवा खांद्यावर तांबडा डाग असलेला त्याचा मोठा भाऊ, ज्याच्या इंग्रजी नावाला अलेक्झांडर चिकटला आहे. हे दोन्ही भारतीय वन्य पक्षी आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९०-९१ पासून भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर असलेली बंदी यांमुळे त्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. कितीतरी घरांत ते प्रेमाने वाढवले गेले हे खरे असले तरी कायदा बदलत नाही. म्हणून शेजाऱ्याला देणे, वर्गात कोणाला हवा का विचारणे, हे मार्ग बंद. वन विभागाला कळवून त्यांच्या ताब्यात किंवा त्यांनी सांगितलेल्या उपचार केंद्रात देणे हा मार्ग. पोपट परदेशी असेल, म्हणजे करडा आफ्रिकन किंवा मकाऊ, तर २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे त्याची नोंद शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते, आणि तो दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावे लागते.

'सोडून द्या' म्हणणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. वीस वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू उडण्याच्या कामाचे राहिलेले नसतात. कोणते फळ कधी आणि कुठे पिकते हे त्याला ठाऊक नसते, शिकरा कसा झडप घालतो तेही ठाऊक नसते. मांजराला तर तो घरातले म्हणून ओळखतो. शिवाय घरातला रोग तो रानातल्या थव्यात नेऊ शकतो. उपचार केंद्रांत असे पक्षी मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर ठेवून त्यांचे पंख तपासतात, आणि जे खरोखर उडू शकतात तेच पुढे सोडले जातात. म्हाताऱ्यांतले बरेचसे तिथेच राहतात.

पक्षी ताब्यात देताना एक कागद सोबत द्यावा, असे आम्ही सुचवू. मुलांकडून तो लिहवून घेता येईल, आणि भाषेच्या तासाला तो चांगला उपक्रमही होईल. पोपट घरी कधी आला, काय खातो, पेरू आवडतो की मिरची, कशाला घाबरतो, रात्री पिंजऱ्यावर कापड लागते का. आजी त्याला कोणत्या नावाने हाक मारत असे, मिठू की राघू. तो कोणते शब्द बोलतो, आणि ते बोलल्यावर आजी काय म्हणत असे तेही, म्हणजे तिथे कोणाला तरी तेवढे म्हणता येईल.